बडोद्याहून आलेला पुडा

मराठी माणसाच्या आठवणींच्या वाङ्मयात आई घरभर वावरते. वडील मात्र बहुधा ओसरीवर बसलेले असतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि मराठी मन त्या पुस्तकाने कायमचे ओले झाले. 'श्यामचे वडील' लिहावे, असे कोणाच्या मनात आले नाही. आपल्या ख्रिस्ती घरांतही चित्र फारसे वेगळे नाही. पवित्र मरियेच्या गौरवाची गीते प्रत्येक धर्मग्रामात लहानथोरांना मुखोद्गत असतात; संत योसेफाच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एकही शब्द आलेला नाही. तो ऐकतो, उठतो, निघतो, काम करतो. बाळ येशूला त्याने कडेवर घेतले असेल, रंधा कसा धरावा ते दाखविले असेल, लाकडाच्या ढलप्यांशी त्याला खेळू दिले असेल. पण शुभवर्तमानकारांनी त्याची नोंद केली नाही. 'सुताराचा मुलगा' हे शब्द तेवढे मत्तयाने राखून ठेवले, आणि मार्काने तर येशूलाच 'सुतार' म्हटले. बापाचा धंदा लेकाच्या हातात उतरल्याचा हा एवढाच पुरावा आपल्याजवळ आहे.

मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आपल्याकडील बाप मुलांत रमत नसत काय? रमत असले पाहिजेत. परंतु त्या रमण्याचा इतिहास कोणी मुद्दाम लिहिला नाही. दुसरेच काही सांगता सांगता कोणीतरी सहज बोलून गेलेल्या वाक्यांतून तो वेचून घ्यावा लागतो. असे वेचताना रायगड जिल्ह्यातील एका लहानशा गावाशी येऊन थांबावेसे वाटते. गावाचे नाव गागोदे बुद्रुक.

पेण तालुक्यातील हे गाव डोंगराच्या कुशीत आहे. भोवती भातखाचरे, आणि पावसाळ्यात कोकणाला साजेल असा धो धो पाऊस. याच गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा भावे, यांचा जन्म झाला. भूदानाच्या पदयात्रेत तेरा-चौदा वर्षे देश पायाखाली घालणारे, १९५८ साली मॅगसेसे पुरस्काराचे पहिले मानकरी ठरलेले, सर्व धर्मांच्या ग्रंथांचे सार काढताना 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करणारे विनोबा आपल्या वाचकांना परिचित आहेत. मला येथे त्यांचे तत्त्वज्ञान सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते 'विन्या' या मुलाविषयी, त्याच्या आजोबांविषयी, आणि त्याच्या घरी क्वचितच असणाऱ्या वडिलांविषयी. विनोबांनी निरनिराळ्या प्रसंगी बोलताना या साऱ्यांच्या आठवणी सांगितल्या. कालिंदीताईंनी त्या जतन करून संकलित केल्या, म्हणून आज त्या आपल्या हाती आहेत.

विनोबांचे बालपण गागोद्यास गेले ते आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. सुटीत, दिवाळीत घरी येत. आज मुंबईहून पेण काही तासांवर आले आहे. त्या काळी बडोद्याहून मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे खाडीतून पडाव किंवा आगबोट, आणि मग बैलगाडी, असा हा द्राविडी प्राणायाम होता. साहजिकच वडील म्हणजे वर्षातून थोडे दिवस दिसणारे गृहस्थ.

अशा बापांची ती पहिलीच पिढी म्हणावी लागेल. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबईत कापडगिरणीची पायाभरणी झाली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात कोकणातील घराघरांतून पुरुष माणूस बाहेर पडला. तोवर कुंभाराचे पोर चाकाशेजारी खेळे, कोळ्याचे पोर होडीत निजे, शेतकऱ्याचे पोर औताच्या मागे धावे. बापाचे काम मुलाच्या डोळ्यांसमोर चाले. त्यामुळे मुलासाठी वेगळा वेळ काढणे ही कल्पनाच कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. गिरणी, कचेरी आणि आगगाडी यांनी बापाचे काम मुलाच्या नजरेआड नेले. मागे राहिली ती मनीऑर्डर. आपल्या वसईतही वाडीत बापाबरोबर पाणी लावणारा, पानवेली बांधणारा आणि उन्हाळ्यात बावखलात बापाच्या आधाराने हातपाय मारावयास शिकणारा मुलगा पुढे चर्चगेटची लोकल पकडू लागला. आणि त्याचा मुलगा कदाचित बोटीवर किंवा आखातात गेला. आपल्या कितीतरी कुटुंबांतून बापाची ओळख सुटीवर आलेला पाहुणा अशीच झाली आहे. म्हणून गागोद्याची ही कथा मला जुनी वाटत नाही.

बाप दूर असला की त्याची जागा कोणीतरी भरून काढावी लागते. भाव्यांच्या घरी ती आजोबांनी भरली. शंभुराव मोठे व्रतस्थ, पूजापाठात बुडालेले. ते चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवावयाचा आणि कृष्णपक्षात एकेक घास उतरवीत न्यावयाचा, असे हे कठोर व्रत. चंद्रोदयाची वेळ रोज पुढे सरकते. कधी मध्यरात्र उलटून जाते. त्या अवेळी आजोबांची पूजा आटोपली की लहानग्या विन्याला झोपेतून उठवीत आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवीत. अर्धवट झोपेतला तो मुलगा, समोर निरांजन, बाहेर नुकता वर आलेला चंद्र! त्याला पूजेतील मंत्र काय कळणार? पण आपल्याला वगळून आजोबा प्रसाद घेत नाहीत, एवढे त्याला निश्चित कळले असेल. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला झोपाळू मुलाला खांद्यावर टाकून नेणारा बाप आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला आहे. त्या रात्रीच्या प्रवचनातील एक शब्दही स्मरत नाही. खांदा मात्र स्मरतो.

आजोबांच्या आठवणींत मला सर्वांत मोलाची वाटते ती गणेशचतुर्थीची. त्यांच्या घरी गणपतीची मूर्ती विकत आणीत नसत. आजोबा ती स्वतः करीत, आणि तीही चंदनाची. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळण्याचे काम घरातील मुलांकडे असे. ज्याने कधी गंध उगाळले आहे त्याला ठाऊक आहे की बराच वेळ हात चालविला तरी जेमतेम बोटभर लेप निघतो. मूर्तीपुरता लेप जमावयाचा तर किती मुलांनी किती वेळ उगाळावे लागले असेल! त्या लेपातून आजोबांच्या बोटांखाली सोंड, कान, पोट साकार होई. मग पूजा, आरत्या, नैवेद्य. आणि अखेरीस विसर्जन. इतक्या कष्टाने केलेली मूर्ती पाण्यात सोडावयाची, याचे मुलाला वाईट वाटे. जे प्रेमाने घडविले ते योग्य वेळी सोडूनही द्यावयाचे असते, हा अर्थ विनोबांना त्या विसर्जनात पुढे दिसला. परंतु तो पुढचा अर्थ झाला. त्या वयात त्यांच्या हाताला चंदनाचा वास लागला होता, आणि तो आजोबांच्याही हाताला होता.

पेण तालुक्याच्या संदर्भात ही आठवण वाचताना मौज वाटते. पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे आज गणेशमूर्तींसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. वर्षभर तेथे मूर्ती घडतात, रंगतात, खोक्यांत बसतात आणि देशोदेशी रवाना होतात. हजारो हातांना त्यातून काम मिळते. त्या कारागिरीविषयी आदरच वाटतो. परंतु त्याच तालुक्यातील सर्वांत नामवंत पुत्राने म्हातारपणापर्यंत जपलेली मूर्ती ओबडधोबड घरगुती होती, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा घाम होता.

श्रद्धेचा विषय वेगळा. येथे विचार चालला आहे तो वडीलधाऱ्यांनी मुलांसह केलेल्या हस्तकर्माचा. तसा विचार केला तर आपला नाताळचा गोठा चटकन डोळ्यांसमोर येतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी गुहेत गवत पसरून, खरा बैल आणि खरे गाढव उभे करून पहिला गोठा सजविला. विद्वानांसाठी त्याने तो केला नव्हता. अडाणी गावकऱ्यांना प्रभूचे दारिद्र्य डोळ्यांनी पाहता यावे म्हणून केला होता. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचोला जाऊन गोठ्यावरील आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. आईवडील आणि आजीआजोबा ही प्रथा मुलांच्या हाती देतात, आपण सारे ती बालपणीच शिकतो, हे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले आहे.

वसई, मुंबई, रेवदंड्याजवळचे कोर्लई अशा आपल्या वस्त्यांतून गोठ्याची तयारी नाताळच्या कितीतरी आधी सुरू होई. डब्यात किंवा परातीत माती घालून नाचणी पेरावयाची, म्हणजे नाताळपर्यंत हिरवेगार कुरण तयार! बापाने बांबू चिरून कामट्या काढावयाच्या, मुलांनी त्या सुतळीने बांधावयाच्या, आईने कणकेची खळ शिजवून द्यावयाची आणि पतंगी कागद चिकटवून तारा करावयाचा. शेजारच्या हिंदू घरी दिवाळीचा आकाशकंदील याच कामट्यांचा, याच कागदाचा आणि याच खळीचा होत असे. बहुधा बांबूही एकाच बेटातला. दिवाळीतला मातीचा किल्ला हाही तसाच उद्योग. शिवाजी महाराजांच्या राजधानीच्या जिल्ह्यात तर त्याला विशेष रंग चढे. या सर्व उद्योगांत एक गोष्ट समान होती: काम मुलाला एकट्याने झेपण्यासारखे नसे आणि बापाला एकट्याने करण्यात गंमत नसे. कोयता बापाच्या हाती, गाठ मुलाच्या हाती. गाठ सैल बसली तर तारा एका बाजूला कलंडे आणि तसाच कलंडलेला तो सहाव्या जानेवारीपर्यंत दारात लटके.

आज प्लॅस्टिकचा तारा तयार मिळतो, दिव्यांसकट. तो कलंडत नाही. असो.

आजोबांची आणखी एक आठवण येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. घरातल्या एका मुलाने गूळ चोरला. आजीने तक्रार केली. आजोबा म्हणाले, ही चोरी नव्हे; घर त्याचेच, गूळही त्याचाच; त्याने न विचारता घेतला एवढेच. मग त्यांनी मुलाला बोलावून सांगितले की गूळ हवा असेल तेव्हा मागत जा. आणि विचारले, गूळ घेतलास तेव्हा हात धुतले होतेस का? नव्हते. तर मग पुढच्या वेळी हात धुऊन घे. त्या मुलाची सवय हळूहळू सुटली. हिला खेळ म्हणता येणार नाही, हे खरे. पण मुलांबरोबर चंदन उगाळणाऱ्या माणसालाच असा न्याय सुचतो, असे मला वाटते. ज्याचे मुलांशी बोलणे केवळ चौकशीपुरते असते त्याच्या हाती गूळचोर सापडला तर छडीच निघणार.

आता वडिलांकडे वळू.

एका दिवाळीला नरहरपंत बडोद्याहून येणार होते. आईने विन्याला सांगून ठेवले होते की वडील येताना मिठाई घेऊन येतील. मुलगा वाटेकडे डोळे लावून बसला. वडील आले, मुलाने नमस्कार केला, आणि वडिलांनी त्याच्या हाती एक पुडा ठेवला. पुडा चपटा, चौकोनी. लाडू किंवा पेढे असते तर हाताला गोल लागले असते. तेव्हा ही बर्फी असणार, असा मुलाने तर्क केला. कागद सोडला तर आत दोन पुस्तके निघाली: 'बालरामायण' आणि 'बालमहाभारत'. ती घेऊन तो आईकडे गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तुझ्या वडिलांनी आणलेल्या या मिठाईपेक्षा चांगली मिठाई दुसरी असूच शकत नाही, अशा आशयाचे ती बोलली. त्या मिठाईची चव आपल्याला जी लागली ती कायमची, असे विनोबा सांगत.

ही गोष्ट वडिलांच्या दूरदृष्टीची म्हणून सांगितली जाते. मला तीत तीन माणसे दिसतात. पहिले वडील. बडोद्याच्या बाजारात उभे राहून, मिठाईच्या दुकानावरून पुढे जाऊन, महिनोन्महिने न पाहिलेल्या आपल्या मुलाला आता काय वाचता येत असेल याचा विचार करणारे. मुलगा किती वाढला याचा अंदाज दुरून बांधणे फार कठीण असते. परदेशातून मुलांसाठी बूट पाठविणारा प्रत्येक बाप हे जाणतो. बूट नेहमी एक नंबर लहान निघतात. नरहरपंतांचा अंदाज बरोबर उतरला. दुसरा तो मुलगा, ज्याची पहिली प्रतिक्रिया निराशेचीच असली पाहिजे. बर्फी ती बर्फी! आणि तिसरी आई. 'एवढ्या लांबून आलात आणि पोराला खाऊ आणला नाहीत' असे ती एकदा बोलली असती, तर त्या पुस्तकांचे पुढे काय झाले असते कोण जाणे. वडिलांच्या मनातले मुलाला समजेल अशा भाषेत सांगण्याचे काम तिने केले. अनुपस्थित बाप आणि मूल यांच्यामध्ये असा एक दुभाषी लागतो. आपल्या घरांतून आखातातल्या बापाचा फोन आला की 'डॅडी विचारतायत' म्हणत मुलाच्या कानाशी फोन धरणाऱ्या असंख्य माउलींनी हेच काम केले आहे, आणि त्याचे श्रेय कधीही मागितलेले नाही.

पुढे कुटुंब बडोद्यास वडिलांपाशी राहावयास गेले. मराठ्यांच्या त्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी शिक्षणाचे मोठे काम आरंभिले होते. १८९० साली तेथे कलाभवन निघाले होते आणि रंगरसायनाचे शिक्षण त्यात दिले जात होते. नरहरपंतांचा पिंडही रसायनशास्त्राचाच. घरी त्यांचे रंगांचे प्रयोग चालत. लहान लहान तुकडे रंगवावयाचे, कोणता रंग टिकतो, कोणता विटतो ते पाहावयाचे. आई थट्टेने म्हणे की एवढ्यात एखादे लुगडे तरी रंगून निघाले असते. वडिलांचे उत्तर असे की प्रयोग सफळ झाला म्हणजे लुगड्यांना काय तोटा, तोवर तुकडेच!

ज्या घरात असे रंगीत तुकडे वाळत असतील त्या घरातील मुलांना वेगळी प्रयोगशाळा कशाला हवी? विनोबांना ईश्वराच्या खालोखाल गणित प्रिय होते, आणि हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट ते प्रयोग म्हणून करीत. १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीस त्यांनी रोज आठ-आठ तास सूत कातून, मजुराला मिळते तेवढ्याच कमाईत जगता येते की नाही, हे स्वतःवर पडताळून पाहिले. वार घालून, तास मोजून, हिशेब ठेवून. विनोबांच्या भक्तीचे मूळ आईत शोधतात, ते योग्यच आहे. या मोजणीचे मूळ मात्र मला बडोद्याच्या त्या रंगविलेल्या तुकड्यांत दिसते.

नासरेथच्या सुतारशाळेविषयी पोप सहावे पॉल ५ जानेवारी १९६४ रोजी नासरेथमध्येच बोलले होते. त्या घरापासून मौन, कुटुंबजीवन आणि काम या तीन गोष्टी शिकाव्या, असे त्यांचे सांगणे होते. 'काम' हा शब्द आपण त्यात नेहमी गंभीरपणे वाचतो. परंतु मुलाच्या दृष्टीने बापाचे काम हा जगातला सर्वांत मोठा खेळ असतो. दोन-चार खिळे आणि एक मोडका हातोडा मिळाला की त्याला दुसरे खेळणे लागत नाही. बापाने एवढेच करावयाचे की त्याला तेथून हाकलावयाचे नाही.

येथवर सारे गोड आहे. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढचेही लिहिले पाहिजे. नरहरपंत मुलाला मारीत. थोडेथोडके नव्हे, चांगले मारीत. विनोबा हे सांगताना विनोद करीत की वडिलांच्या मारण्यातही शास्त्र होते. हाडाला इजा न होईल अशा बेताने मार बसे. एक दिवस मार बसला नाही. मुलगा वाट पाहत राहिला, की आज बोलावणे कसे आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीच नाही. पुढे एक वचन वाचताना विनोबांना उलगडा झाला. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे ते वचन सांगते. त्यांना सोळावे लागले त्या दिवशी वडिलांनी हात आवरला होता.

ही आठवण सांगताना हल्ली लोक वडिलांच्या शास्त्रनिष्ठेचे कौतुक करतात. मला त्यात सहभागी होता येत नाही. मैत्रीसाठी सोळा वर्षे थांबण्याचे कारण काय? ज्या आजोबांनी गूळ चोरणाऱ्याला हात धुवावयास सांगितले, त्यांच्याच घरातून मुलगा बडोद्यास आला होता. त्याला दोन्ही पद्धती माहीत होत्या. विनोबांच्या मनात वडिलांविषयी कटुता नव्हती, हे त्यांचे मोठेपण. त्यावरून मार निर्दोष ठरत नाही. आपल्या पिढ्यांनीही घरी आणि शाळेत पट्ट्या खाल्ल्या, आणि त्या 'आमच्या भल्यासाठीच' होत्या असे म्हणण्याची आपल्याला सवय जडली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील छडीला मनाई केली. घरातल्या छडीचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर राहिला आहे. नरहरपंतांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एवढी जुनी सवय त्यांनी एका दिवसात टाकली, आणि टाकली ती मुलाचे वाढणे मोजून. बर्फीऐवजी पुस्तके आणणाराच हा माणूस. मुलाचे वय तो विसरत नसे.

मुलाने काय शिकावे याविषयीही त्यांचा आग्रह असे. त्यांच्या इच्छेप्रमाणे मुलाने शाळेत फ्रेंच घेतली. आईची इच्छा संस्कृतची होती. फ्रेंच, रसायन, कदाचित विलायत, असा काहीसा नकाशा वडिलांच्या मनात असावा. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा मुलगा सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. जून महिन्यात तो अहमदाबादेस गांधीजींच्या आश्रमात पोहोचला. घरी त्याने कळविले नव्हते. शेवटी गांधीजींनीच नरहरपंतांना पत्र लिहिले की तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि एवढ्या कोवळ्या वयात त्याने जे मिळविले आहे ते मिळवावयाला मला फार वर्षे लागली. आपल्या मुलाविषयी असे पत्र परक्या माणसाकडून येणे हे कोणत्या बापाला सोसते? अभिमान वाटावा की घाव बसावा? पुढे १९१८ साली रुक्मिणीबाई गेल्या. विनायकामागोमाग बाळकृष्ण आणि शिवाजी हे दोघे भाऊही त्याच वाटेने गेले; तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. बडोद्यात नरहरपंत, त्यांचे प्रयोग आणि उतारवयात एका मुसलमान गवयापाशी बसून चिकाटीने शिकलेले संगीत, एवढे उरले. पदरचे पैसे घालून त्यांनी संगीताची पुस्तकेही छापविली. ज्याच्या घरात ऐकावयाला मुलगा नाही त्या बापाने तासन्‌तास तंबोरा लावून बसावे, ही गोष्ट वाचताना मन गलबलते.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो आणि मरिया व योसेफ तीन दिवस त्याला शोधतात, तो प्रसंग आपण जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत गणतो. सापडल्याचा तो आनंद. पण त्या तीन दिवसांत योसेफाचे काय झाले असेल, यावर आपण क्वचितच थांबतो. मरियेने मुलाला विचारले. योसेफ तेथेही काही बोलला नाही. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफाविषयी जे पत्र प्रसिद्ध केले त्यात या मौनाचा एक सुंदर उलगडा आहे. मुलाला स्वतःच्या मालकीचे न मानता त्याला मोकळे सोडण्याची तयारी हे त्यांनी पितृत्वाचे लक्षण मानले आहे. शंभुरावांच्या चंदनाच्या गणपतीपाशी आपण पुन्हा येतो ते असे.

नरहरपंत आणि विनोबा यांची गाठ अखेरीस धुळ्यास पडली. हे तेच धुळे, जेथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. 'श्यामची आई' लिहिणारा हात त्या वेळी विनोबांची वाणी टिपीत होता. त्याच गावी १९४७ साली, शरद पौर्णिमेच्या सुमारास, नरहरपंतांनी देह ठेवला. अग्निसंस्कार झाल्यावर अस्थींचा प्रश्न निघाला. नाशिक फार दूर नाही, गोदावरीत विसर्जन करावे, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. विनोबांनी ते मानले नाही. अस्थी मातीच्या, त्या पाण्याच्या स्वाधीन करण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांचा प्रश्न होता. वेदात पृथ्वीला आई म्हणून केलेली प्रार्थना त्यांना आठवली. तेथेच अंगणात खड्डा खणला, अस्थी त्यात ठेवल्या, माती लोटली, आणि वर तुळशीचे रोप लावले.